एकाच खुर्चीवर चार कंपन्या

महाडच्या बाहेर, हायवेला लागून, चाचांचं पत्र्याचं मोठं गोदाम होतं. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे जुने मित्र. कुवेतला बरीच वर्षं काढून ते गावी परतले आणि त्यांनी ट्रक घेतले. ट्रक इथून भरून मुंबईला जायचे आणि येताना पुष्कळदा रिकामे यायचे. जेवताखाता त्यांच्या डोक्यात तेच असायचं, की रिकामा ट्रक डिझेल तेवढंच पितो. माझी नोकरी त्या रिकाम्या ट्रकांतून निघाली.

मुंबईत कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या एका कंपनीचं लहानसं ऑफिस होतं. मूळ कंपनी इंग्लंडची. खेळ तिकडे तयार व्हायचे. सीडी, पुस्तिका, पुठ्ठ्याची खोकी हे सगळं स्वस्तात पडावं म्हणून इकडेच छापून घेत, पण ते एकत्र भरून बंद करायला मुंबईत जागा परवडत नव्हती. चाचांच्या नात्यातल्या कोणीतरी गाठ घालून दिली. ट्रक येताना सीडी आणि खोकी आणणार, आमच्याकडे ती भरली जाणार आणि पुढच्या खेपेला परत मुंबईला जाणार.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन घरी बसले होते. चाचा एका सकाळी आले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीला माझ्याकडे पाठव. बायका कामाला येतील, पण खोक्यावरचं इंग्रजी वाचणारं कोणीतरी पाहिजे. एका खेळाची सीडी दुसऱ्याच्या खोक्यात गेली तर माझी अब्रू जाईल."

वडील एसटीतून निवृत्त झालेले. मुलीने गोदामात काम करायचं हे त्यांना जड जात होतं. पण चाचांनी "कंपनी" हा शब्द दोनतीनदा उच्चारला आणि वडील विरघळले.

गोदामात एका बाजूला लांब टेबलं मांडली होती. सीडी डबीत घालायची, डबी आणि पुस्तिका खोक्यात, खोक्यावर चमकणारा हॉलोग्राम, मग वरून पारदर्शक कागद आणि त्यावर गरम हवेचं मशीन फिरवायचं, की कागद आक्रसून खोक्याला चिकटतो. टेबलांच्या टोकाला माझी खुर्ची. लोखंडी, हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची. पुढची सगळी वर्षं मी त्या खुर्चीवर काढली.

बायका महाडच्या मोहल्ल्यातून यायच्या, जवळच्या नाते गावातून यायच्या, आणि एक यायची पोलादपूरच्या वरच्या वाडीतून. तिला सगळ्या वयनी म्हणत, मीही म्हणायचे. वाडीवरून उतरून रस्त्याला यायचं आणि तिथून एसटी धरायची, एवढा तिचा रोजचा प्रवास. घरी म्हशी होत्या, शेळ्या होत्या, सासू आणि दोन जावा होत्या.

"घरात तीन सुना नि एक चूल," ती म्हणायची. "एकीनं भायेर पडलेलं बरं. भांडान कमी व्हतात."

सीडीची चोरी व्हायची आणि त्यावरून नकली सीडी निघायच्या, म्हणून कंपनीला फार धास्ती. प्रत्येकीला ओळखपत्र पाहिजे, असं मुंबईहून सांगून आलं. फोटोग्राफर आला, पांढरा पडदा टांगून त्याने एकेकीचे फोटो काढले. काही दिवसांनी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली कार्डं आली. वर कंपनीचं नाव, खाली फोटो. बाकीच्या बायका घरी जाताना कार्ड काढून पिशवीत टाकायच्या. वयनी मात्र ते पदराच्या वर, दिसेल असं, लावून एसटीत बसायची.

"कंडक्टर आता अहो म्हणतो," तिने मला सांगितलं. हसत नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब यायचे. साहेब म्हणजे काय, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा असेल. कोकण रेल्वेने वीरला उतरायचा आणि तिथून रिक्षाने यायचा. आल्यावर पहिली दहा मिनिटं रिक्षावाल्याबद्दल तक्रार, मग चहा, मग काम. माणूस सरळ होता. एकदा वयनीने त्याला विचारलं, "साहेब, आमी भरतो ते हाय काय ते तरी दाखवा."

पुढच्या खेपेला त्याने ऑफिसचा लॅपटॉप आणला. सगळ्या टेबलाभोवती जमल्या. गाव वसवायचा खेळ होता. झाडं तोडायची, घरं बांधायची, शेत नांगरायचं, गुरं पाळायची. साहेब एकेक दाखवत होता. एक घर उभं राहिलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. वयनी मात्र कोपऱ्यातल्या मेंढ्यांकडे बघत होती.

"ही मेंढरं कवापासून एका जागी उभी हायत. चरत का नाय?"

"ती तशीच असतात," साहेब म्हणाला. "नुसती दाखवायला."

"आजारी असतील," वयनी म्हणाली, आणि परत आपल्या जागेवर गेली. त्यानंतर तो खेळ भरायला आला की सगळ्या त्याला आजारी मेंढरांचा खेळ म्हणायच्या. साहेबसुद्धा फोनवर तेच म्हणायला लागला.

ते पहिल्या दीड-दोन वर्षांचे दिवस चांगले होते. नंतरचं सगळं मला एका सरळ ओळीत आठवतं, कारण ते एकाच गोष्टीचं परत परत होणं होतं.

एका पावसाळ्यात साहेब आला तो एक जड पिशवी घेऊन. तिच्यात स्टिकरची भेंडोळी होती. चंदेरी स्टिकर, त्यावर एका फ्रेंच कंपनीचं नाव.

"कंपनी विकली गेली," त्याने सांगितलं. "इंग्लंडच्या लोकांनी विकली, फ्रान्सच्या लोकांनी घेतली. आता खोक्यावर हे नाव पाहिजे."

"आणि भरलेली खोकी?" मी विचारलं. गोदामाची अर्धी भिंत भरलेल्या खोक्यांनी झाकलेली होती.

"त्यांच्यावरही. पुढे एक, मागे एक, आणि आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक."

म्हणजे पारदर्शक कागद फाडायचा, खोकं उघडायचं, पुस्तिका काढायची, स्टिकर लावायचे, सगळं परत भरायचं आणि परत मशीन फिरवायचं. एकदा झालेलं काम उलटं करायचं आणि मग सुलटं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चाचांकडे. चाचांनी विचारलं, "आणि आमचं काय? आम्हाला कोणी घेतलं?"

"तुम्ही तसेच, चाचा. मीपण तसाच. माझी खुर्चीपण तीच." त्याने खिशातून नवीन व्हिजिटिंग कार्ड काढून चाचांना दिलं. नाव त्याचंच होतं, वरची कंपनी वेगळी.

सबंध पावसाळा आम्ही स्टिकर लावत काढला. वाकडा लागला तर काढता यायचा नाही, पुठ्ठा सोलून निघायचा. संध्याकाळी घरी आले की डोळ्यांपुढे तेच चंदेरी चौकोन. फोटोग्राफर पुन्हा आला नाही, जुनेच फोटो वापरून नवीन ओळखपत्रं आली. वयनीने नवीन कार्ड लावलं आणि जुनं घरी ट्रंकेत ठेवलं.

ते काम संपून जरा श्वास घेतोय तोवर फ्रेंच कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत मिळाली. या वेळी विकणं नव्हतं, साहेबाने समजावलं, दोघी एक झाल्या. त्यामुळे नाव दोघींचं जोडून होतं आणि स्टिकर चांगला लांब. ओळखपत्रंही तिसऱ्यांदा आली, फोटो तोच. तो आधीच्या स्टिकरवर लावायचा, पण खालचा जराही दिसता कामा नये. खोक्याचा तो कोपरा हाताला जाड लागायचा.

"दोघींनी लगीन केलं," वयनी म्हणाली. "आता एक नाव सोडील. बगाच."

मला हसायला आलं नाही, कारण त्याच सुमाराला माझ्या लग्नाचं चाललं होतं.

माणगावचं स्थळ होतं. मुलगा बँकेत. मध्यस्थ आमच्या ओळखीचा. वडिलांनी पहिल्यांदा माहिती दिली तेव्हा मी इंग्रजांच्या कंपनीत होते, तेच त्यांनी सांगितलं. मध्यस्थ पुढे बोलणी करायला गेला तेव्हा मी फ्रेंचांच्या कंपनीत होते, त्याने ते सांगितलं. आणि मंडळी घरी पाहायला आली, पोहे झाले, मुलाच्या काकांनी मला विचारलं, "कुठे असता आपण?" तेव्हा मी खरं तेच सांगितलं. जोडनाव होतं ते.

काकांनी कप खाली ठेवला. "आमच्या ऐकण्यात वेगळं नाव होतं."

"तेव्हा ते होतं."

"आणि त्याच्याआधी आणखी एक होतं, असंही कानावर आलंय."

"हो. कंपनी विकली जाते ना, म्हणून."

"कंपनी विकली जाते म्हणजे बंद पडते?"

"नाही. चालूच आहे. मालक बदलतो."

"मग तुम्ही प्रत्येक मालकाकडे नव्याने लागता?"

मी समजावायला गेले. इंग्लंडहून सुरुवात केली, फ्रान्सपर्यंत आले. माझ्या लक्षात आलं की समोर कोणी ऐकत नाही. आईने आतून मला खूण केली, की पुरे. मुलगा खाली बघून चमच्याशी खेळत होता. एकदाच वर बघून त्याने विचारलं, "खेळ म्हणजे, खेळणी का?"

आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण नोकऱ्या फार बदलते. स्थिर वाटत नाही.

वडील चिडले. एसटीत त्यांनी सगळी नोकरी एका डेपोत काढली होती, आणि त्यांच्या मुलीला अस्थिर म्हणावं! ते चाचांकडे जाऊन बोलून आले. चाचा बिचारे दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहिले, म्हणाले, "मी जाऊ माणगावला? मी सांगतो त्यांना."

"काय सांगाल, चाचा?"

त्यांनी विचार केला. "ते पण खरं हाय," म्हणाले आणि बाहेर ट्रककडे गेले.

दुपारी डबा खाताना मी वयनीला सांगितलं. तिने भाकरी हातात तशीच धरून ऐकलं.

"त्यांना इकडं आनायचं व्हतं गो ताई. तुजी खुर्ची दावायची. पट्ट्या फाटल्या तिच्या बसून बसून, आनि म्हणे पोरगी ठरत नाय."

मी खुर्चीकडे बघितलं. खरंच दोन पट्ट्या तुटल्या होत्या. मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी नुसती दमले होते. मग मी उठले आणि स्टिकरचं पुढचं भेंडोळं उघडलं.

त्यानंतर आणखी दोन स्थळं आली. मी वडिलांना सांगून ठेवलं, कंपनीचं नाव सांगूच नका, खाजगी नोकरी एवढंच सांगा. त्यावर लोक आणखी संशय घ्यायचे.

जोडनावाची कंपनी फार टिकली नाही. तिकडे मोठं कर्ज झालं म्हणे, आणि तिचे खेळ एका अमेरिकेच्या कंपनीने विकत घेतले. खेळ घेतले, माणसं घेतली नाहीत. हे साहेबाने आम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मी विचारलं, "स्टिकर कधी पाठवताय?"

"स्टिकर नाहीत," तो म्हणाला. "मी येतो, मग बोलू."

तो आला तेव्हा रिक्षाबद्दल काही बोलला नाही. चाचांनी दिलेला चहा प्याला. मग म्हणाला, "नवीन मालकांना हा माल बाजारात नको आहे. इथे ते दुसऱ्या कोणाकडून नव्याने विकणार. जुनं सगळं नष्ट करायचं आहे. सीडी कापून. मला फोटो काढून पाठवायचेत."

बायका आपापल्या जागी उभ्या होत्या. वयनीने विचारलं, "आत काय बिगाडलंय का त्यांच्या?"

"नाही. चांगल्या आहेत."

"मग?"

"मालकाला नको आहेत."

चाचा म्हणाले, "अरे, शाळेला वाटून टाक. कॉलेजला दे. कोणाला कळतंय?"

"चाचा, एक जरी बाहेर दिसली तर माझ्यावर येईल." साहेब जमिनीकडे बघत बोलत होता. "तसं माझं पण या महिन्यापुरतंच आहे. पण नीट करून जातो."

तो कसल्या कंपनीसाठी नीट करून जात होता, मला समजलं नाही. चार मालकांपैकी एकाही माणसाला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक त्यानेही नसेल पाहिलं. पण तो गेला नाही. त्याने बाह्या वर केल्या आणि तोही कापायला बसला.

साध्या कात्रीने सीडी कापत नाही. ती वाकते आणि मग एकदम फुटते, तुकडे उडतात. चाचांनी पत्रा कापायच्या कात्र्या आणल्या. हाताला चिंध्या गुंडाळून आम्ही बसलो. आधी पारदर्शक कागद फाडायचा, मग खोकं, मग डबी, मग सीडी. भरताना जे ज्या क्रमाने केलं होतं त्याच्या अगदी उलट. पुठ्ठा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. कापलेल्या तुकड्यांचा ढीग चमकायचा, त्याच्यावर उन्हाची तिरीप आली की पत्र्याच्या छतावर रंग हलायचे. कोणी वर बघत नव्हतं.

पहिल्या दिवशी बायका बोलत होत्या. नंतर बोलणं थांबलं. कापल्याचा आवाज तेवढा यायचा. आजारी मेंढरांच्या खेळाचा ढीग आला तेव्हा वयनीने एक खोकं हातात धरलं, अंगठ्याने तो जाड कोपरा चाचपला, आणि बाकीच्यांसारखंच फाडलं.

"मी भरलेलं हाय हे," एवढंच म्हणाली. "माजी घडी मला कळती."

साहेबाने फोटो काढले. ढिगाचे काढले, रिकाम्या भिंतीचे काढले. मग कॅमेरा आमच्याकडे वळवला. वयनी पटकन म्हणाली, "आमचा नको. कार्डावर तीनदा दिलाय." त्याने कॅमेरा खाली केला.

शेवटची सीडी कधी कापली ते मला आठवत नाही. आठवतं ते हे, की सगळ्यांचे हात सुजले होते. नाते गावच्या एका मुलीचा तळवा चिरला होता. चाचा दारात उभे होते. म्हणाले, "आज घरी नका जाऊ लगेच. टेम्पो देतो. सवच्या कुंडांवर जा, गरम पाण्यात हात शेकून या."

साहेबाला मी विचारलं, येता का. त्याला वीरला जायचं होतं, गाडी होती. त्याने मला व्हिजिटिंग कार्ड द्यायला खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"सवय," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून हसला, आणि मला त्याची फार दया आली.

सवच्या कुंडापाशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गंधकाचा वास येत होता. पाणी इतकं कढत की आधी बोटं, मग तळवे, मग मनगटं, असं हळूहळू जायचं. बायका काठावर बसल्या, साड्या वर खोचून पाय सोडले. मोहल्ल्यातल्या दोघींनी घरून आणलेले लाडू काढले. चिरलेल्या हाताच्या मुलीने हात वर धरून दुसऱ्या हाताने खाल्ला.

वयनी माझ्या शेजारी होती. डोळे मिटून तिने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात ठेवले होते.

"उद्यापासून काय करणार, वयनी?"

"उद्या झोपंन," ती म्हणाली. "सासू वरडंल, वरडू दे. परवाचं परवा."

"आणि मग?"

"मग काय, शेळ्या हायत. त्या इकत नाय कोनी तोवर माज्याच हायत." जरा थांबून म्हणाली, "तू काय करशील?"

मी म्हटलं, "माहीत नाही." पाण्यातून हात काढून तिने माझ्या पाठीवर ठेवला. ओला, गरम, सुजलेला हात. पाठीवर त्याचा ओला डाग बराच वेळ राहिला.

गोदामात पुढे चाचांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्याची रिकामी पिंपं ठेवायला घेतली. त्याला इंग्रजी वाचणारं कोणी लागत नव्हतं. साहेबाचा एकदा फोन आला होता, चाचांनी सांगितलं, कुठे काही काम असेल तर बघा म्हणत होता. चाचांनी त्याला ट्रकच्या धंद्यात यायला सांगितलं. तो हसला म्हणे, पण नंतर त्याने खरंच विचारलं, की ट्रक केवढ्याला पडतो. पुढे काय झालं ते चाचांनाही कळलं नाही.

दीडेक वर्षाने माझं लग्न झालं. मुलगा पोलादपूरचा, शाळेत शिक्षक. मंडळी पाहायला आली तेव्हा कुठे असता म्हणून कोणी विचारलंच नाही, कारण तेव्हा मी घरीच होते. सगळं फार सोपं झालं. वडिलांना आनंद झाला. मला झाला की नाही हे मी स्वतःलाही विचारलं नाही. मुंडावळ्या बांधताना मनात एवढंच होतं, की आता निवांत बसायला मिळेल.

वयनी अधूनमधून बाजाराला वाडीवरून खाली येते, आमच्या ओट्यावर टेकते. मी चहा करते. तिच्या गुडघ्यांचं, माझ्या मुलीच्या परीक्षेचं, कोणाच्या म्हशीचं, असं बोलणं होतं. गोदामाचा विषय आम्ही काढत नाही. तो कडू आहे म्हणून नव्हे. तो काढायचा म्हणजे इंग्लंडपासून सुरुवात करायला पाहिजे, आणि चढ चढून परत वर जायचं असतं तिला. चहा संपला की ती पिशवी उचलते, "येते गो ताई," म्हणते. मी ती वळणापर्यंत दिसते तोवर ओट्यावर उभी राहते, आणि मग आत येऊन कुकर लावते.